बिनव्याजी हप्ता आणि ट्रस्टची जमीन

अमेरिकेत कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना स्वतःचं घर मिळवून देणाऱ्या ना-नफा संस्थांचा विषय निघाला की दोन नावं हमखास येतात: हॅबिटाट फॉर ह्युमॅनिटी आणि कम्युनिटी लँड ट्रस्ट, म्हणजे जमीन स्वतःकडे ठेवून घर कुटुंबाला देणारा ट्रस्ट. पहिलं जगभर ठाऊक आहे. दुसरं बहुतेक गृहनिर्माणाच्या क्षेत्रातल्या मंडळींनाच. पण दोन्हींची मुळं जॉर्जिया राज्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातल्या दोन शेतांवर आहेत. ही शेतं एकमेकांपासून मोटारीने तासाभराच्या आत, आणि काळही एकच, १९६८-६९ चा. एका गटाने व्याजाला हात घातला, दुसऱ्याने जमिनीच्या मालकीला. दुसऱ्या वाटेचा एक धागा थेट विनोबांच्या पवनारपर्यंत येतो, आणि आपल्याकडे त्याचा उल्लेख जवळजवळ होत नाही.

हे सगळं तिथेच का घडलं, याला कारण आहे. हा कापूस, भुईमूग आणि पेकानच्या (अक्रोडासारखा सुका मेवा) झाडांचा मुलूख. जमीन गोऱ्यांची, कसणारी बहुतांश काळी कुटुंबं, बटाईने. राहायला मालकाचीच लाकडी खोपटी, कितीतरी ठिकाणी नळ नाही, संडास नाही. घर मालकाचं असल्यामुळे माणूसही मालकाच्या मुठीत. १९६० च्या दशकात नागरी हक्कांच्या चळवळीत ज्यांनी मतदार म्हणून नाव नोंदवलं, त्यांतल्या अनेकांना बिऱ्हाड उचलायला सांगितलं गेलं. त्यात कापूस वेचायची यंत्रं आली आणि बटाईदारांची गरजच संपत चालली.

बँकेचं दार बंदच होतं. १९३४ मध्ये फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशन स्थापन झाली, गृहकर्जाला सरकारी हमी मिळू लागली आणि दीर्घ मुदतीच्या सोप्या हप्त्यांवर गोरा मध्यमवर्ग घरमालक झाला. काळ्यांची वस्ती म्हणजे बुडीत कर्ज, असं गृहीत धरून त्यांना मात्र या हमीबाहेर ठेवलं. घरखरेदीत वंशभेदाला बंदी घालणारा कायदा एप्रिल १९६८ मध्ये झाला, तोही मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवड्याभरात. कायद्याने दार उघडलं, पण खिशात पैसे कुठून येणार?

पहिलं शेत कॉयनोनियाचं. समटर काउंटीत, अमेरिकस गावाजवळ, क्लॅरेन्स जॉर्डन आणि त्यांच्या सोबत्यांनी १९४२ मध्ये ते सुरू केलं. जॉर्डन हे बॅप्टिस्ट धर्मोपदेशक, शेतकीचे पदवीधर आणि ग्रीक नव्या कराराचे डॉक्टरेट मिळवलेले अभ्यासक. काळे-गोरे एका पंगतीला जेवतील आणि कमाई सामाईक राहील, एवढा साधा त्यांचा बेत होता. पण त्या काळच्या जॉर्जियात तेवढ्यावरच गोळ्या झाडल्या गेल्या. १९५० च्या दशकात त्यांच्या रस्त्याकडेच्या दुकानावर बॉम्ब पडले आणि गावातल्या व्यापाऱ्यांनी बहिष्कार घातला. बियाणं मिळेना, विमा मिळेना. शेवटी शेतावरची पेकान टपालाने देशभर विकून ही मंडळी तगून राहिली.

याच शेतावर मिलर्ड फुलर आले. अलाबामातले वकील, तिशीच्या आत लक्षाधीश झालेले. संसार मोडायला आला तेव्हा नवरा-बायकोने संपत्ती वाटून टाकायचं ठरवलं आणि १९६५ मध्ये ते कॉयनोनियात पोचले. मधली काही वर्षं इतरत्र घालवून ते १९६८ मध्ये परतल्यावर जॉर्डन आणि फुलर यांनी 'भागीदारीतल्या घरां'ची योजना आखली. शेताच्या कडेला अर्ध्या-अर्ध्या एकराचे ४२ प्लॉट पाडले. देणग्या आणि बिनव्याजी उसन्या पैशांतून एक निधी उभा केला. घर घेणाऱ्याने आणि स्वयंसेवकांनी मिळून बांधायचं, विकायचं खर्चाच्या किमतीला, नफा शून्य, व्याज शून्य. आलेले हप्ते पुन्हा निधीत आणि त्यातून पुढचं घर. गरिबाला कर्ज देऊन त्यावर व्याज घेऊ नये, हा बायबलमधला आदेश त्यांनी शब्दशः घेतला होता.

यात किती फरक पडतो ते आकड्यांत पाहा. घर ६,००० डॉलरचं, मुदत २० वर्षांची. बिनव्याजी हप्ता महिना २५ डॉलर. त्या काळच्या साधारण ८ टक्के दराने हाच हप्ता ५० डॉलरवर जातो. म्हणजे घर स्वस्तात बांधून जेवढं वाचलं नसतं तेवढं एकट्या व्याजाला फाटा देऊन वाचलं. परवडणाऱ्या घरांच्या चर्चेत आपण विटा-सिमेंटच्या भावावर फार बोलतो आणि पैशाच्या भावावर कमी.

पहिलं घर पुरं होण्याआधीच, ऑक्टोबर १९६९ मध्ये, जॉर्डन वारले. फुलर पुढे काही वर्षं आफ्रिकेतल्या तेव्हाच्या झाईरमध्ये, एमबांडाकाला, हाच प्रयोग करून आले आणि १९७६ मध्ये त्यांनी हॅबिटाटची स्थापना केली. संस्था घराघरांत पोचली ती मात्र शेजारच्याच गावातल्या एका माणसामुळे. जिमी कार्टर समटर काउंटीतल्याच प्लेन्सचे. राष्ट्राध्यक्षपद गेल्यावर १९८४ मध्ये ते हातोडा घेऊन न्यूयॉर्कच्या एका पडक्या इमारतीच्या दुरुस्तीला उतरले. माजी राष्ट्राध्यक्ष घामाघूम होऊन सुतारकाम करतोय, हे छायाचित्र कुठल्याही जाहिरातीपेक्षा मोठं ठरलं. २००६ मध्ये त्यांचं वार्षिक बांधकाम शिबिर लोणावळ्याजवळच्या पाटण गावी भरलं, १०० घरांसाठी. कार्टर घराण्याचा मुंबई परिसराशी संबंध त्याहून जुना आहे. त्यांच्या आई लिलियन सत्तरीकडे झुकलेल्या असताना पीस कोअर या अमेरिकी सरकारी योजनेतल्या स्वयंसेविका म्हणून विक्रोळीत आरोग्यसेवा करत होत्या, १९६६ ते १९६८.

आता दुसरं शेत. जॉर्जियातल्याच ऑल्बनी शहरातल्या नागरी हक्क चळवळीचे पुढारी स्लेटर किंग स्वतः जमीनजुमल्याच्या धंद्यातले. चळवळीचे पूर्णवेळ कार्यकर्ते चार्ल्स शेरॉड खेड्यापाड्यांत हिंडून मतदारनोंदणी करत होते आणि बेघर होणारी कुटुंबं रोज पाहत होते. त्यांना उत्तरेकडचे रॉबर्ट स्वान येऊन मिळाले. स्वान हे शांततावादी, युद्धात लढायला नकार देऊन तुरुंगात गेलेले, व्यवसायाने घरं बांधणारे. स्वान यांचे ज्येष्ठ सहकारी राल्फ बोरसोदी काही वर्षं भारतात राहिले होते, जयप्रकाश नारायण यांच्याशी त्यांचा संबंध होता. या दोघांसमोर नमुना होता तो विनोबांच्या ग्रामदानाचा.

रायगड जिल्ह्यातल्या गागोद्यात जन्मलेल्या विनोबांची भूदानयात्रा १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातल्या पोचमपल्लीत सुरू झाली, हे शाळेत सगळेच शिकतात. पण दिलेली जमीन गरीब माणूस अडचणीत विकून टाकतो आणि पुन्हा भूमिहीन होतो, ही भीती होतीच. ग्रामदानात म्हणून मालकी ग्रामसभेकडे आणि कसण्याचा हक्क कुटुंबाकडे, अशी फोड केली. जमीन गावाबाहेर जाणार नाही ही तजवीज. आपल्याकडे ग्रामदानातली पुष्कळ गावं कागदावरच राहिली. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने २०१३ मध्ये महाराष्ट्राच्या १९६४ च्या ग्रामदान कायद्याखाली जमिनी ग्रामसभेकडे सोपवायचं ठरवलं तेव्हा अनेकांना असा कायदा आहे हेच नव्याने कळलं. स्वान यांनी मात्र ही फोड उचलली आणि अमेरिकी कायद्याच्या भाषेत बसवली. १९६८ मध्ये या गटातली काही माणसं इस्रायललाही जाऊन आली. तिथे जमीन राष्ट्रीय निधीची आणि वस्ती करणाऱ्याकडे दीर्घ मुदतीचा पट्टा, अशी पद्धत होती.

त्यातून १९६९ मध्ये न्यू कम्युनिटीज ही संस्था झाली. स्लेटर किंग त्याच वर्षी मोटार अपघातात गेले, तरी काम थांबलं नाही. ली काउंटीत सुमारे ५,७०० एकर जमीन घेतली गेली. तेव्हा अमेरिकेत काळ्यांच्या मालकीचा एवढा मोठा सलग तुकडा दुसरा नव्हता. बेत असा की जमीन कायम ट्रस्टची, घर कुटुंबाचं, आणि शेती काही सामाईक, काही घरोघरची. नियोजनापुरतं केंद्राचं अनुदान मिळालं. प्रत्यक्ष उभारणीचं अनुदान मात्र जॉर्जियाचे गव्हर्नर लेस्टर मॅडॉक्स यांच्या विरोधापुढे अडलं. हे मॅडॉक्स म्हणजे १९६४ मध्ये स्वतःच्या हॉटेलातून काळ्या गिऱ्हाइकांना पिस्तूल दाखवून हाकलणारे गृहस्थ. नियोजित घरं बहुतांशी नकाशावरच राहिली आणि संस्था कर्जाचं ओझं घेऊन शेती करत बसली. मग लागोपाठ दुष्काळ पडले. सरकारी शेती कर्ज खात्याने गोऱ्या शेजाऱ्यांना आपत्कालीन कर्ज वेळेवर दिलं, यांना रखडवलं. १९८५ मध्ये सगळी जमीन लिलावात गेली.

गोष्ट तिथे संपली असं लोकांनी धरलं होतं. पण काळ्या शेतकऱ्यांशी भेदभाव केल्याच्या खटल्यात २००९ मध्ये न्यू कम्युनिटीजला सुमारे १ कोटी २० लाख डॉलर मंजूर झाले. त्यातून संस्थेने ऑल्बनीजवळ १,६०० एकरांहून मोठी एक जुनी जमीनदारी वाडी विकत घेतली, जी एकेकाळी गुलामांच्या कष्टावर चालत होती.

जमीन गेली तरी आराखडा उरला. स्वान आणि सहकाऱ्यांनी १९७२ मध्येच तो लिहून छापला होता. शहरात त्याचा पहिला प्रयोग १९८० च्या सुमारास सिनसिनाटीत झाला. पण जम बसला तो व्हरमाँटमधल्या बर्लिंग्टनमध्ये. अवघ्या १० मतांनी निवडून आलेले महापौर बर्नी सँडर्स यांच्या नगरपालिकेने १९८४ मध्ये तिथल्या लँड ट्रस्टला २ लाख डॉलरचं भांडवल दिलं. शेतावरून आलेली कल्पना त्यांना शहरात उपयोगी पडली, कारण तिथे जमिनीचा भाव पगारापेक्षा वेगाने पळत होता. पुढे तीच संस्था चॅम्प्लेन हाउसिंग ट्रस्ट झाली.

व्यवहार असा चालतो. समजा घर बाजारात २ लाखांचं आहे. अनुदान आणि देणगीतून ट्रस्ट ५० हजार घालतो, जमीन स्वतःकडे ठेवतो आणि कुटुंबाला घर दीड लाखात देतो. जमिनीचा पट्टा ९९ वर्षांचा, वारसांना मिळणारा. बँक नेहमीसारखंच कर्ज देते. दहा वर्षांनी बाजारभाव २ लाख ६० हजार झाला आणि कुटुंबाला विकायचंय. वाढ ६० हजारांची, बर्लिंग्टनच्या रीतीने तिच्यातले २५ टक्के, म्हणजे १५ हजार, कुटुंबाचे. शिवाय आतापर्यंत फेडलेलं मुद्दल त्यांचंच. पुढच्या कुटुंबाला घर १ लाख ६५ हजारांच्या आसपास मिळतं, नवं अनुदान न घालता. मुंबईत लॉटरीत लागलेलं म्हाडाचं घर पाच वर्षांनंतर बाजारभावाने विकता येतं. सरकारने घातलेली सवलत पहिल्याच कुटुंबाच्या खिशात जाते आणि पुढच्यासाठी पुन्हा नव्याने घर बांधावं लागतं. लँड ट्रस्टचा सगळा खटाटोप ही गळती बुजवण्यासाठी आहे.

यावरचा आक्षेपही वजनदार आहे. गोऱ्या कुटुंबांनी दोन पिढ्या सरकारी हमीवर घरं घेतली, भाव वाढले, त्यावर मुलं शिकवली. तेव्हा कुणी म्हटलं नाही की तुमचा वाटा २५ टक्केच. आता ज्यांना बाहेर ठेवलं होतं त्यांची पाळी आली आणि नफ्यावर मर्यादा घालायची? ट्रस्टवाले म्हणतात की पर्याय बाजारभावाचं घर हा नाहीच, पर्याय आयुष्यभराचं भाडं हा आहे, आणि भाडेकरूला वाढीतला एक पैसाही मिळत नाही. मला हे उत्तर पुरेसं वाटत नाही, पण त्यांच्या बाजूने २००८ ची मंदी आहे. त्या काळात लँड ट्रस्टच्या घरांवर जप्ती येण्याचं प्रमाण बाजारातल्या घरांपेक्षा कितीतरी कमी राहिलं, कारण हप्ता थकला की ट्रस्टचा माणूस बँकेच्या आधी दारात येऊन मार्ग काढतो.

हॅबिटाटलाही हा प्रश्न चुकला नाही. एकेकाळच्या पडीक वस्त्यांत त्यांनी बांधलेल्या घरांच्या किमती शहरं वाढली तशा वर गेल्या. मग विकताना आधी संस्थेला विचारण्याची अट आली. बाजारभाव आणि विक्रीकिंमत यांतल्या फरकावर संस्थेचा हक्क राहावा म्हणून त्याचं वेगळं तारण घराच्या कागदावर चढवण्याची पद्धतही आली. बिनव्याजी कर्जाचा आग्रहही सगळीकडे टिकला नाही. काही ठिकाणी कमी व्याजाचं कर्ज आलं, कारण एवढा निधी अडकवून ठेवणं स्थानिक शाखांना जमेना. फुलर यांनाच २००५ मध्ये संचालक मंडळाने दूर केलं. त्यांनी लगेच दुसरी संस्था काढली आणि २००९ मध्ये ते वारले.

आता अमेरिकेत दोनशेहून अधिक लँड ट्रस्ट आहेत आणि हॅबिटाटच्या अनेक स्थानिक शाखा त्यांच्याशी करार करतात किंवा स्वतःच ट्रस्ट काढतात. घर हॅबिटाटचे स्वयंसेवक बांधतात, जमीन ट्रस्टच्या नावे राहते आणि कुटुंब ९९ वर्षांच्या पट्ट्यावर सही करतं.