अचानक मृत्यूनंतर मागे राहिलेल्यांना आधार: ही समज आली कुठून?

घरातलं माणूस ध्यानीमनी नसताना गेलं तर आजूबाजूच्यांनी काय करायचं हे आपल्याकडे पूर्वीपासून ठरलेलं आहे. घरात चूल पेटत नाही, भावकीतून नाहीतर शेजारून कडू घास येतो, बायका येऊन नुसत्या बसून राहतात, मग राख सावडणं, दहावा, तेरावा, वर्षश्राद्ध. कुणी याला कर्मकांड म्हणो, पण यात दुःखातल्या माणसाला स्वतः काही ठरवावं लागत नाही आणि बरेच दिवस कुणी ना कुणी सोबत असतं. फक्त यात एक गोष्ट गृहीत असते, सावरायला येणारे स्वतः धड आहेत ही. अख्खं गावच गेलं तर?

३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीच्या भूकंपात नेमकं हेच झालं. गणपती विसर्जन करून लोक नुकते झोपलेले, दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद अंगावर आलं आणि लातूर-उस्मानाबाद पट्ट्यात जवळपास दहा हजार माणसं गेली, पन्नासेक गावं जमीनदोस्त. वरून पाऊस, लाकडं नाहीत, त्यामुळे प्रेतं एकत्र जाळावी लागली, कोण कुठल्या चितेवर गेलं हेही कित्येकांना कळलं नाही. कडू घास आणणारी भावकी पण त्याच ढिगाऱ्याखाली. धान्य, कपडे, पत्रे खूप आले, आई-वडील गेलेल्या मुलांसाठी नळदुर्गला 'आपलं घर' उभं राहिलं, भारतीय जैन संघटनेने शेकडो मुलं पुण्याला शिकायला नेली, ही कामं खरंच मोठी होती. पण मोठ्या माणसांच्या मनाचं काय हा प्रश्न तेव्हा सरकारी कागदावर फारसा नव्हताच. नवीन गावं सरळ रेषेत, रुंद रस्त्यांची बांधली, घरं भक्कम झाली, पण जुन्या गल्लीतली शेजारीण आता लांब राहायला गेली, आणि आधार तर तिचाच होता. माझ्या मते पुनर्वसनातली ही सगळ्यात कमी बोलली गेलेली गोष्ट आहे.

डॉक्टरी जगात हा विषय आला तो एका आगीमुळे. अमेरिकेत बोस्टन शहरात कोकोनट ग्रोव्ह नावाच्या नाइट क्लबला २८ नोव्हेंबर १९४२ ला आग लागली आणि ४९२ माणसं मेली. तिथले मनोविकारतज्ज्ञ एरिक लिंडेमन यांनी त्या आगीत आपली माणसं गमावलेल्यांशी आणि इतरही शोकग्रस्तांशी बोलून, एकूण १०१ जणांच्या अनुभवावर १९४४ मध्ये एक लेख लिहिला. घसा आवळल्यासारखा होणं, मोठे उसासे, पोटात खड्डा पडल्यासारखं वाटणं, हे लाटांसारखं येणं-जाणं, आणि 'मी वाचवायला हवं होतं' ही टोचणी, हे त्यांनी नीट नोंदवलं. पण आठ-दहा भेटींत, चार ते सहा आठवड्यांत माणूस मार्गी लागतो असंही त्यांनी लिहिलं, आणि ती घाई पुढे फार काळ टिकली. तशीच १९६९ पासून पसरलेली ती दुःखाच्या पाच टप्प्यांची यादी, नकार, राग वगैरे. मुळात ती मरणाच्या दारातल्या पेशंटशी बोलून तयार झाली होती, मागे राहिलेल्यांवरून नाही, तरी आजही लोक रडणाऱ्या माणसाला 'तू आता रागाच्या टप्प्यात आहेस' असं सांगतात. कृपा करून नका सांगू.

आपल्या देशात आपत्तीनंतर मनाकडेही बघायला हवं हे पहिल्यांदा ठळकपणे पुढे आलं ते १९८४ च्या भोपाळ वायुकांडानंतर. मनोविकारतज्ज्ञ मोजकेच, म्हणून बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेतले डॉ. श्रीनिवास मूर्ती यांनी दवाखान्यातल्या साध्या डॉक्टरांनाच ट्रेनिंग दिलं. पुढे ओडिशाचं १९९९ चं चक्रीवादळ, २००१ चा भूजचा भूकंप, २००४ ची त्सुनामी असं करत करत काम डॉक्टरांकडून गावातल्या शिक्षक, अंगणवाडी ताई, कार्यकर्त्यांपर्यंत गेलं, आणि २००९ मध्ये राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने मानसिक आधाराची वेगळी मार्गदर्शक तत्त्वं काढली.

याच काळात बाहेरच्या देशांत एक मोठी चूक दुरुस्त होत होती. १९८३ पासून डीब्रीफिंगची पद्धत चालू झाली होती, म्हणजे घटना घडल्यावर काही दिवसांतच लोकांना बसवून काय पाहिलं, काय वाटलं सगळं बोलायला लावायचं. मूळ ती फायर ब्रिगेड, अँब्युलन्सवाल्यांसाठी होती, पण मग सगळ्यांवरच वापरली गेली, कारण ऐकायला पटतं ना, की बोललं की मोकळं होतं. पण रस्ता अपघातातून वाचलेल्यांना इंग्लंडमध्ये तीन वर्षं फॉलो केलं तेव्हा दिसलं की सुरुवातीला जे जास्त हादरले होते आणि ज्यांना असं बोलतं केलं, ते तसं न केलेल्यांपेक्षा वाईट स्थितीत होते. २००७ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत हे एकदाच बसवून बोलायला लावणं करू नका असं स्पष्ट आलं, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिका काढली. त्यात सांगितलेलं अगदी साधं आहे: आधी बघा कुणाला काय हवंय, बोलतील तेवढं ऐका, उकरून काढू नका, आणि त्यांना घरच्यांशी, दवाखान्याशी, सरकारी मदतीशी जोडून द्या.

हे जोडून देणं किती महत्त्वाचं ते कोविडमध्ये कळलं. तोंड बघायला मिळालं नाही, भेटायला कुणी येऊ शकत नव्हतं, म्हणजे किल्लारीसारखीच सगळी रीत तुटली, फक्त इथे प्रत्येक घर वेगवेगळं एकटं पडलं. नवरा गेलेल्या बाईपुढे मृत्यूचा दाखला, वारस नोंद, बँक, मुलांची फी, सगळं एकदम. २०२१ मध्ये राज्यात मिशन वात्सल्य चालू झालं ते अशा बायकांना आणि अनाथ मुलांना योजनांपर्यंत न्यायलाच. तिच्यासोबत तहसीलमध्ये जाऊन फॉर्म भरून देणारी अंगणवाडी ताई हासुद्धा आधारच आहे, आणि माझ्या मते पहिल्या महिन्यात तो काउन्सेलिंगपेक्षा जास्त कामाचा.

ज्यांचं दुःख खूप काळ तसंच तीव्र राहतं आणि रोजचं जगणंच बंद पडतं त्यांच्यासाठी मात्र तज्ज्ञ लागतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या नव्या आजार-यादीत याची वेगळी नोंद आहे, किमान सहा महिन्यांनंतर ठरवायची, अमेरिकन यादीत मोठ्यांसाठी एक वर्ष. आपल्याकडे २०२२ पासून टेली-मानस या मानसिक मदतीच्या सरकारी फोनसेवेचा १४४१६ हा फुकट नंबर आहे, मराठीत बोलता येतं, आणि दुःखातल्या माणसाला स्वतःहून फोन लावणं जमत नसेल तर घरातल्या दुसऱ्या कुणी त्याच्याजवळ बसून लावला तरी चालतो.