उथळ कुंडीत पाणी कुठे अडकतं, आणि मग त्यात लावायचं काय

इंदूरला आपल्या मराठी घरांत आता टिळक नगर घ्या की विजय नगर, अंगणं गेली आणि फ्लॅटची बाल्कनी आली, आणि त्याबरोबर मोठ्या खोल कुंड्याही गेल्या. खिडकीच्या कठड्यावर मावतील अशा बुटक्या पसरट कुंड्या आल्या, मातीची परळं, सिरॅमिकचे बाउल, बोन्सायचे ट्रे, कुणाकडे तर आजीची पितळी परातसुद्धा. दिसतात फार छान. पण थोड्याच दिवसांत झाड पिवळं पडायला लागतं, मग घरातलं प्रत्येक जण म्हणतं की माती कमी आहे ना, पाणी पुरत नसेल, आणि येता जाता अजून एक तांब्या ओततं. झाड बहुतेक त्यानेच मरतं.

कारण उथळ कुंडी पाणी घातल्यावर खोल कुंडीपेक्षा जास्त चिखल धरते. ऐकायला उलटं वाटतं, पण घरच्या घरी बघता येतं. भांडी घासायचा साधा फोमचा स्पंज पाण्यात पूर्ण भिजवा आणि तळहातावर आडवा सपाट धरा, थेंब पडायचे थांबले की तोच स्पंज लांब कडेवर करा, लगेच परत पाणी गळायला लागेल. ते थांबलं की एकदम उभा धरा, अजून गळेल. स्पंज तोच, पाणीही तेच, बदलली फक्त उंची.

मातीत पण हेच होतं. मातीच्या कणांमधल्या बारीक फटी म्हणजे केसासारख्या नळ्याच, त्या पाण्याला वर ओढून धरतात आणि गुरुत्वाकर्षण खाली ओढतं. 1 मिलिमीटर रुंद काचेच्या नळीत पाणी साधारण 3 सेंटिमीटर चढून उभं राहतं, नळी 3 मिलिमीटरची केली तर जेमतेम 1 सेंटिमीटर. म्हणजे फट जितकी बारीक तितकं पाणी उंच धरून ठेवलं जातं. कुंडीच्या तळाशी असा एक चिंब थर कायम उरतो, भोक असलं तरी उरतो, आणि गंमत अशी की त्या थराची जाडी ठरते मातीच्या पोतावर, कुंडीच्या उंचीवर नाही. समजा तुमच्या कुंडीतल्या मातीच्या मिक्समध्ये हा थर 5 सेंटिमीटरचा आहे. 20 सेंटिमीटर उंच कुंडीत तो तळाचा पाव भाग झाला, वर मुळांना श्वास घ्यायला भरपूर जागा. पण 6 सेंटिमीटरच्या ट्रेमध्ये तर जवळजवळ सगळी मातीच चिंब.

मुळांना ऑक्सिजन लागतो आणि पाण्यातून तो हवेच्या मानाने साधारण दहा हजार पट हळू पसरतो. म्हणून मुळं आधी गुदमरतात, मग पिथियमसारखे रोगजंतू येतात, ज्यांचे बीजाणू पाण्यात चक्क पोहतात, आणि मुळं सडली की वरचं झाड ओल्या मातीत उभं राहूनही तहानेने कोमेजतं. माणूस बघतो की पानं मान टाकतायत, म्हणून परत पाणी.

तळाला खडे घातले की निचरा होतो हे आपल्याकडे पिढ्यानपिढ्या सांगतात, पण ते खरं नाहीये. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या फटींमध्ये उतरतच नाही जोवर माती पाण्याने गच्च भरत नाही. खड्यांनी फक्त चिंब थर वर सरकतो, आणि उथळ कुंडीत तर होती नव्हती ती जागाही खड्यांनीच खाल्ली. भोकावर जाळीचा तुकडा टाका, पुरे. आणि भोक हवंच, परातीला पण.

मग उपाय एकच की पूर्ण मिक्सच भरड करायचं. आपल्या माळव्याची काळी माती शेताला सोनं आहे, पण बेसॉल्ट झिजून झालेली ही चिकणमाती इतकी बारीक आहे की ट्रेमध्ये पावसाळ्यात तिचा लगदा होतो आणि मे महिन्यात भेगा पडून मुळं तुटतात, घरच्या उथळ कुंडीत ती अजिबात नको. विटांचे तुकडे, मुरूम किंवा बांधकामावरची गिट्टीची चुरी घ्या, चाळणीने चाळा, 2 ते 4 मिलिमीटरचे दाणे ठेवा आणि धूळ धुऊन टाका, धुणं टाळलं तर सगळी मेहनत वाया कारण तीच धूळ फटी बुजवते. त्यात थोडं कोकोपीट आणि अगदी मूठभर कंपोस्ट. कंपोस्टच्या बाबतीत तर इंदूरचं नाव जगात आहे, इथल्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीत अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी 1920 च्या दशकात थर लावून खत करायची जी पद्धत बसवली ती इंदूर पद्धत म्हणूनच ओळखली जाते, आणि 1931 साली दोघांनी मिळून त्यावर पुस्तक लिहिलं. वाडांचं नाव मात्र फारसं कुणी घेत नाही, ते घ्यायला हवं. पण ते खत शेतासाठी, ट्रेमध्ये जास्त घातलं तर कुजून बारीक होतं आणि परत तोच चिंब थर वाढवतं.

आता भरड मिक्स केलं की दुसरी अडचण उभी राहते, ते लवकर वाळतं. माती थोडीच, वरून उघडा भाग मोठा, आणि एप्रिल-मे मधली आपली कोरडी हवा. म्हणून झाड निवडताना दोन गोष्टी एकदम बघायच्या: त्याची मुळं मुळातच उथळ आहेत का, आणि पाणी ते स्वतःच्या अंगात साठवतं का. एकच गोष्ट असून चालत नाही. फर्न आणि पुदिना यांची मुळं उथळच असतात पण दोघं सारखे तहानलेले, एक दिवस विसरलात तर संपलं. हे ओळखायची सोपी युक्ती म्हणजे झाड जंगलात कुठे वाढतं ते शोधायचं. खडकाच्या फटीत किंवा दुसऱ्या झाडाच्या सालीवर वाढत असेल तर ते तुमच्या परळात सुखाने राहील.

खडकावाल्यांची एक खास सवय आहे आणि ती पहिल्यांदा लक्षात आली ती भारतात. ईस्ट इंडिया कंपनीचे वनस्पतितज्ज्ञ बेंजामिन हेन यांनी 1813 साली लंडनच्या लिनियन सोसायटीला कळवलं की पानफुटीचं पान सकाळी चाखलं तर आंबट लागतं, दुपारपर्यंत बेचव होतं, संध्याकाळी किंचित कडू. (तुम्ही चाखू नका, पानफुटीत हृदयावर परिणाम करणारी विषारी द्रव्यं असतात.) तो आंबटपणा मॅलिक आम्लाचा. बाकीची झाडं दिवसा पानांची छिद्रं उघडून कार्बन डायऑक्साइड घेतात आणि त्यात पाणी उडून जातं, ही झाडं मात्र रात्री छिद्रं उघडतात, वायू आम्लाच्या रूपात साठवून ठेवतात आणि दिवसा दारं बंद करून उन्हात तोच वापरतात. याला शास्त्रात कॅम म्हणतात. रात्र जितकी थंड तितकं कमी पाणी जातं. शब-ए-मालवाचं, म्हणजे माळव्यातल्या रात्रीचं कौतुक आपण ऐकत आलोय, उन्हाळ्यातही रात्री उतरणारा तो गारवा या झाडांच्या फार कामाचा आहे, म्हणून ती बंद एसीच्या खोलीपेक्षा उघड्या खिडकीत ठेवावी.

यातलं माझं सगळ्यात आवडतं हॅवर्थिया. दक्षिण आफ्रिकेत ते झुडपांच्या आणि दगडांच्या सावलीत वाढतं, म्हणून इतर सक्युलंटसारखं (जाड पानांत पाणी साठवणाऱ्या झाडांसारखं) कडक ऊन मागत नाही, पूर्वेची खिडकी पुरते आणि माती चार बोटं असली तरी चालते. काही जातींच्या पानांची टोकं काचेसारखी पारदर्शक असतात, त्यातून उजेड आत शिरतो, लहान मुलांना दाखवा. स्नेक प्लांटचा कंद जमिनीखाली आडवा पसरतो त्यामुळे पसरट कुंडी त्याला मानवते, फक्त उंच जात घेतली तर ती उथळ कुंडीत डोक्याच्या भाराने पडते, म्हणून बुटकी गुच्छासारखी हान्नी घ्या. कोरफड आणि जेड तर माहितीतलीच आहेत, दोघांना ऊन मात्र हवं.

सालीवर वाढणाऱ्यांत पेपरोमिया, आणि याची शिफारस मी मनापासून करते. काळी मिरी आणि विड्याच्या पानाच्या कुळातलं हे झाड, हजाराहून जास्त जाती, बहुतेक मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या, त्यातल्या कितीतरी फांद्यांवर कुजलेल्या पाल्याच्या ओंजळभर थरात जगतात, मुळं अगदी छोटी. जाड पानवाल्या जाती पानातच पाणी साठवतात. थेट ऊन नको, उत्तरेची खिडकीही चालेल, म्हणजे ज्या घरात ऊनच येत नाही त्यांच्यासाठी हेच.

नर्सरीवाले स्पायडर प्लांट आणि झीझी पण बाउलमध्ये लावून विकतात. झाडं चांगली आहेत, चिवट आहेत, पण दोघांची मुळं किंवा कंद इतके जाड फुगतात की थोड्याच काळात माती बाहेर ढकलतात, त्यांना खोल कुंडी द्या. तुळस तर अजिबात नको, तिला खाली जायला जागा लागते.

पाण्याचा दिवस ठरवू नका, कुंडी उचलून बघा, हलकी लागली की भोकातून वाहेपर्यंत घाला आणि मग परत हलकी होईपर्यंत हात लावू नका. पावसाळ्यात हे अंतर खूप वाढतं, आणि उन्हाळ्यात कूलरच्या दमट खोलीतली कुंडी बाल्कनीतल्यापेक्षा उशिरा वाळते. बोरिंगचं पाणी वापरत असाल तर वर क्षारांचा पांढरा थर येतो, अधूनमधून नर्मदेच्या नळाचं किंवा पावसाचं पाणी भरपूर ओतून ते धुऊन काढा. आणि बोन्सायवाल्यांची एक युक्ती: पाणी घातल्यावर ट्रेच्या एका बाजूखाली विटेचा तुकडा ठेवून थोडा वेळ तो तिरका करा, भोक असलेली बाजू खाली. उंची वाढली की स्पंजसारखंच अडकलेलं पाणी गळून जातं, नवीन माती वगैरे काही न करता.