उत्तर राखून ठेवा, रीत सांगून टाका

शोधातून शिकवायचं म्हणजे मुलांपुढे साहित्य मांडायचं आणि आपण बाजूला व्हायचं, असा समज पक्का बसला आहे. या समजापायीच ही पद्धत वर्गात फसते. गलका होतो, मजा येते, तास संपत येतो आणि शेवटच्या पाच मिनिटांत पुस्तकातलंच उत्तर फळ्यावर उतरतं.

डेव्हिड क्लार आणि मिलेना निगम या संशोधकांनी 2004 साली प्रसिद्ध केलेला प्रयोग इथे पाहण्यासारखा आहे. उतारावरून सोडलेला चेंडू किती लांब जातो हे कशावर ठरतं, हे तपासायचं काम तिसरी-चौथीच्या मुलांना दिलं होतं. त्यासाठी एक रीत हाती असावी लागते: एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं. काही मुलांना ही रीत उदाहरणं देऊन समजावली, तर काहींना स्वतः शोधायला सोडलं. समजावलेल्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश मुलांना ती नीट जमली, सोडून दिलेल्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश मुलांनाच. म्हणजे रीत आपसूक सापडेल या भरवशावर राहता येत नाही. ती शिकवायची आणि राखून ठेवायचं ते उत्तर.

लंबकाचा धडा यासाठी फार चांगला. प्रश्न एवढाच विचारा: झोका लवकर पूर्ण व्हावा म्हणून काय बदलाल? मुलं तीन गोष्टी सुचवतात: दोऱ्याची लांबी, टोकाचं वजन आणि लंबक किती बाजूला ओढून सोडला ते. साहित्याला हात लावण्याआधी प्रत्येकाने आपला अंदाज कारणासह वहीत लिहायचा. हे टाळलं, तर निकाल दिसल्यावर सगळेच म्हणतात, ‘मला वाटलंच होतं’, आणि कुणाचंच मत बदलल्याची नोंद राहत नाही.

न ताणणारा दोरा घ्या, टोकाला एक नट बांधा. टांगलेल्या जागेपासून नटाच्या मध्यापर्यंत 25 सेंटिमीटर मोजा. गाठीपर्यंत मोजलं तर लांबी चुकते. जाऊन परत आला की एक झोका. एका झोक्याची वेळ मोजू नका, दहांची मोजा. घड्याळाचं बटण दाबताना एक-दोन दशांश सेकंद इकडेतिकडे होतातच. एका सेकंदात ती चूक मोठी असते, दहा सेकंदांत विरून जाते. 25 सेंटिमीटरला दहा झोके जवळपास 10 सेकंदांत होतात. एखाद्या गटाचे 9 सेकंद आले, तर त्यांनी लंबक सोडतानाच ‘एक’ म्हटलं असणार. सोडताना ‘शून्य’ म्हणायचं, हे आधीच सांगून टाका. यात शोधण्यासारखं काही नाही.

वजन तपासताना मुलं एका नटाखाली दुसरा, त्याखाली तिसरा अशी माळ लावतात आणि ‘जड लंबक हळू जातो’ असं छातीठोकपणे सांगतात. त्यांनी मोजलेलं खोटं नसतं. माळेमुळे वजनाचा मध्य खाली सरकतो, म्हणजे नकळत लांबीही वाढते. मध्य 2 सेंटिमीटर खाली गेला तरी दहा झोक्यांना सुमारे 0.4 सेकंद जास्त लागतात. तिन्ही नट एकाच आकड्यात शेजारीशेजारी अडकवले की हा फरक नाहीसा होतो. ही चूक आधीच टाळू नका. ‘वजनाबरोबर आणखी काय बदललं?’ एवढंच विचारा आणि थांबा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची म्हणजे काय, हे तिथे अंगात मुरतं.

ओढण्याच्या अंतराबाबत शिक्षकालाच सावध राहावं लागतं. 15 अंशांपर्यंत ओढलं तर फरक हाती लागत नाही. पण 60 अंशांवरून सोडलं तर दहा झोक्यांना 10 ऐवजी पावणेअकरा सेकंदांच्या आसपास लागू शकतात. ‘फरक पडत नाही’ हे पुस्तकातलं वाक्य लहान कोनांपुरतंच खरं आहे. ज्या मुलीला फरक दिसला तिला ‘परत मोज, चुकलंय’ म्हणणं हा तिच्यावर अन्यायच, कारण तिने बरोबर मोजलेलं असतं.

मग लांबी. 25 सेंटिमीटरला 10 सेकंद, 50 ला सुमारे 14. आता विचारा, 100 ला किती? बरेच जण 22 किंवा 28 म्हणतात. येतात 20. लांबी चौपट, वेळ दुप्पट. अंदाज हुकल्यावर मुलं जे एकमेकांशी बोलतात, त्यासाठीच हा सगळा खटाटोप. म्हणून 40 मिनिटांच्या तासात अंदाजाला 5, मोजण्याला 20 आणि बोलण्याला 15 मिनिटं ठेवा, आणि ही 15 मिनिटं कशालाही देऊ नका.

गणितात मात्र मोजून भागत नाही. वर्तुळावर बिंदू घ्या, प्रत्येक बिंदू दुसऱ्या प्रत्येकाशी जोडा, आतले भाग मोजा. 1, 2, 3, 4, 5 बिंदूंना भाग होतात 1, 2, 4, 8, 16. सहाला किती? सगळा वर्ग ‘32’ ओरडतो. काढून पाहिलं की येतात 31. बिंदू अगदी समान अंतरावर घेतले तर तीन रेषा मध्यात एकाच ठिकाणी मिळून एक भाग बुजतो आणि 30 येतात. म्हणून बिंदू वेडेवाकडे घ्यायला सांगा. पाच उदाहरणं जुळली म्हणजे नियम सिद्ध झाला असं नाही, हे पटवायला यापेक्षा नेमकं उदाहरण क्वचितच सापडेल.

इतिहासात प्रश्न कागदालाच विचारायचा: हे कुणी लिहिलं, कधी, कुणासाठी? इतिहास कसा शिकला जातो याचे अभ्यासक सॅम वाईनबर्ग यांनी 1991 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतल्या 1775 च्या लेक्सिंग्टनच्या चकमकीची साधनं 8 इतिहासकार आणि 8 शाळकरी मुलांना वाचायला दिली होती. इतिहासकार बहुधा आधी लेखक कोण ते बघत. मुलं पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचत जात. म्हणून मजकूर वाचण्याआधी तळाची सही आणि तारीख वाचायची सवय लावा.

व्याकरणाला तर साहित्यही लागत नाही. ‘मुलाने चेंडू फेकला’, ‘मुलगा धावला’, ‘मुलाने वही फाडली’, ‘मुलगी हसली’ अशी बारा वाक्यं चिठ्ठ्यांवर द्या आणि ‘ने’ कुठे लागतो ते शोधायला सांगा. थोड्या वेळात नियम येतो: भूतकाळात कर्म असेल तर ‘ने’. मग शांतपणे आणखी दोन चिठ्ठ्या ठेवा: ‘मुलगा कविता शिकला’, ‘मुलगी धडा विसरली’. कर्म आहे, ‘ने’ नाही! अशी आणखी क्रियापदं शोधताना एखाद्याच्या लक्षात येतं की ‘फाडली’ हे वहीप्रमाणे चालतं, पण ‘शिकला’ मुलाप्रमाणे. हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. या दोन चिठ्ठ्या सुरुवातीलाच दिल्या तर नियमच बनत नाही आणि सगळं गोंधळात संपतं.

विषय कुठलाही असो, प्रश्न विचारल्यावर थांबणं सगळ्यात अवघड. शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी 1970 च्या दशकात वर्गांतली संभाषणं तपासली, तेव्हा शिक्षक प्रश्नानंतर सरासरी एखादाच सेकंद थांबत असल्याचं दिसलं. हा वेळ तीन सेकंदांवर नेल्यावर उत्तरं लांबली आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागली. मनातल्या मनात तीन आकडे मोजा, मूल बोलून थांबल्यावर पुन्हा तीन मोजा. मग विचारा, ‘हे कशावरून म्हणतोस?’ हा प्रश्न बरोबर उत्तरालाही विचारा. फक्त चुकीच्या उत्तराला विचारला, तर काही दिवसांतच मुलं तो ऐकताक्षणी उत्तर बदलायला लागतात.