पाच नॅनोमीटर सोनं: थर की बेटं?

काचेवर चढवलेल्या सोन्याची जाडी शंभर नॅनोमीटरच्या (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) पुढं गेली, की ते गुजरीतल्या सोन्यासारखंच दिसतं आणि वागतं. त्यावर शाई खर्चायला नको. घोळ दहाच्या खाली होतो, आणि दरवर्षी तोच होतो.

मागं एक पोरगा काच घेऊन आला. "सर, पाच नॅनोमीटर गोल्ड आहे. मोजलेला ग्राफ हिशोबाच्या ग्राफशी काही केल्या जुळंना. स्पेक्ट्रोमीटर बिघडलाय." म्हणजे कुठल्या रंगाचा उजेड किती शोषला ते मोजणारं यंत्र.

काच खिडकीशी धरली. निळी! सलग पातळ सोनं उजेडाशी धरलं की हिरवट दिसतं. सोन्याच्या वर्खातून येणारा हिरवा उजेड फॅरेडेनं १८५७ मध्येच नोंदवून ठेवलाय. निळी काच म्हणजे तिथं थर नाहीच, सुटी सुटी बेटं आहेत.

"पण मॉनिटरवर पाच दाखवलं की."

सोनं चढवताना जाडी दाखवणारा हा मॉनिटर खरं तर जाडी बघतच नाही. क्वार्ट्झच्या चकतीवर किती वजन बसलं हे तो तिच्या कंपनांवरून ओळखतो, घनतेनं भागतो आणि आकडा दाखवतो. परातीत पीठ सारखं पसरलंय की गोळे होऊन पडलंय, हे तराजूला कुठनं कळणार? सोन्याला काचेपेक्षा सोनंच जवळचं, म्हणून सुरुवातीला गोळेच होतात.

आणि दोन्हींचा उजेडाशी व्यवहार अगदी वेगळा. सलग थरात इलेक्ट्रॉन मोकळे फिरतात: लाल आणि इन्फ्रारेड बराचसा परत जातो, ५०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासचा हिरवा पार होतो. सपाट थरावर उजेड नुसता सरळ टाकून प्लाझमॉन, म्हणजे इलेक्ट्रॉनांचा सामूहिक हेलकावा, उठत नाही. त्याला प्रिझमसारखी काहीतरी युक्ती लागते, म्हणून प्लाझमॉनवर चालणारे सेन्सर बनवणारे प्रिझमखाली साधारण ५० नॅनोमीटर जाडीचं सोनं ठेवतात. बेटावरचे इलेक्ट्रॉन मात्र कोंडलेले. कडेपर्यंत जायचं नि मागं यायचं; हा हेलकावा साध्या दिव्यानंही उठतो. त्यातून ग्राफवर ६०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास शोषणाचा उंचवटा येतो, बेटांच्या आकारानं आणि अंतरानं इकडंतिकडं सरकणारा. सोनं उजेडाशी कसं वागतं याचे जॉन्सन-ख्रिस्टींनी १९७२ मध्ये मोजलेले आकडे घालून पाच नॅनोमीटरचा सपाट थर मांडला, तर हा उंचवटा जन्मात दिसणार नाही. पोरानं नेमकं तेच केलं होतं. आकडे चोख, पण ते सलग फिल्मचे.

यावर "नॅनो आहे म्हणजे क्वांटम इफेक्ट असणार" असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. अरे बाबा, निळा रंग बेटांच्या घडणीचा आहे!

मी आधी मल्टिमीटर टेकवून वीज वाहते का बघतो, कॉम्प्युटरवरचं सिम्युलेशन नंतर. या काचेवर काटा हललाच नाही; बेटं सुटी, वीज जाणार कुठनं?

चांदीची तीच गत, फक्त ती जास्त हट्टानं गोळा होते. खाली क्रोमियमचं अस्तर दिलं की सोनं धरतं खरं, पण प्लाझमॉन मंदावतो. मला ते अस्तर आवडत नाही.

पोरानं मग वीस नॅनोमीटर चढवलं. हिरवट आलं, ग्राफही बसला. निळी काच त्यानं भट्टीत ३०० अंशांवर तासभर ठेवली. गुलाबी होऊन आली.