डेलावेअर आणि बंदुकीची दारू

आकाराने अमेरिकेतलं शेवटून दुसरं राज्य, काउंट्या तीनच. पण डेलावेअर नदीचं तोंड ज्याच्या ताब्यात, वरच्या खोऱ्यातला फरचा व्यापारही त्याचाच. त्यामुळे या चिंचोळ्या पट्टीवर डच, स्वीडिश आणि इंग्रज असे तिघेही डोळा ठेवून होते. लुईसजवळची डच वसाहत (१६३१) स्थानिक लोकांशी बिनसल्यावर वर्षभरातच उद्ध्वस्त झाली. १६३८ मध्ये स्वीडिशांनी आजच्या विल्मिंग्टनच्या जागी फोर्ट क्रिस्टिना बांधला, तर १६५१ मध्ये डचांनी त्याच्या खालच्या अंगाला फोर्ट कॅसिमिर. १६५४ मध्ये तो स्वीडिशांनी एकही गोळी न झाडता घेतला, कारण आतल्या मूठभर शिपायांजवळ दारूच नव्हती. पुढच्याच वर्षी डचांनी सगळी स्वीडिश वसाहत गिळली आणि १६६४ मध्ये इंग्रजांनी डचांची.

स्वातंत्र्ययुद्धात या भूमीवर एकच नाव घेण्याजोगी चकमक झाली, ३ सप्टेंबर १७७७ ची कूचेस ब्रिजची. तिथेही काडतुसं संपल्यावर अमेरिकनांना मागे हटावं लागलं.

१८०२ मध्ये ड्यू पाँ या फ्रेंच कुटुंबाने ब्रँडीवाइन ओढ्याकाठी दारूचा कारखाना काढला. तीन भाग सोरा आणि उरलेल्या एका भागात कोळसा व गंधक, असं ढोबळ प्रमाण. मिश्रण दळताना ओलसर ठेवावं लागे; कोरडं पडलं की एका ठिणगीत खेळ खलास. म्हणून दळणघरांच्या तीन भिंती जाडजूड दगडी, चौथी ओढ्याकडची लाकडी आणि छप्पर हलकं, तिकडेच उतरतं. स्फोट झालाच तर तो पाण्याकडे निघून जावा, शेजारची इमारत वाचावी. आत काम करणारा मात्र वाचत नसे. कामगार त्याला ‘ओढ्यापलीकडे गेला’ म्हणत.

पुढे अमेरिकेत उत्तर आणि दक्षिणेकडच्या राज्यांत पेटलेल्या यादवी युद्धात (१८६१-६५) खरी अडचण सोऱ्याची होती. चिलीचा सोरा स्वस्त, पण तो हवेतली ओल धरतो. खाणीत सुरुंगाला चालतो, तोफेला नाही. तोफेच्या दारूला लागणारा सोरा यायचा बिहारमधून, कलकत्ता-लंडनमार्गे. १८६१ च्या अखेरीस लॅमॉट ड्यू पाँ लंडनला गेले आणि तिथला साठा उचलू लागले. तेवढ्यात बातमी आली, की अमेरिकी नौदलाने ‘ट्रेंट’ या ब्रिटिश टपालबोटीवरून दक्षिणेचे दोन राजदूत उतरवून घेतले. चिडलेल्या ब्रिटनने सोऱ्याची निर्यातच रोखली. लिंकन यांनी ते दूत सोडले, तेव्हा कुठे जानेवारी १८६२ मध्ये माल सुटला.

गंमत अशी, की उत्तरेच्या फौजांना दारू पुरवणारं हे राज्य स्वतः गुलामगिरीचं होतं. १८६० च्या शिरगणतीत इथे १,७९८ गुलाम होते. लिंकन यांनी पैसे मोजून त्यांना मुक्त करण्याची योजना सुचवली, तीही इथे पुढे सरकली नाही. गुलामगिरी संपवणाऱ्या तेराव्या घटनादुरुस्तीने देशभर ती १८६५ मध्येच बंद पडली. डेलावेअरने त्या दुरुस्तीला मंजुरी दिली १९०१ साली.