तीन वर्षांच्या एलएलबीचा अर्ज: कागद जुळवा, आणि अडचणीची गोष्टही लिहा

विधी प्रवेशाच्या सामाईक परीक्षेचा, म्हणजे सीईटीचा, निकाल लागला की आमच्या कोर्टासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात रांग लागते आणि त्यातली दोन-चार पोरं माझ्या टेबलापाशी येतात. पहिला प्रश्न ठरलेला: "वकीलसाहेब, अर्जात काय लिहिलं तर चांगलं कॉलेज मिळेल?" काहीच नाही. परदेशी विद्यापीठांना पाठवतात तसा निबंध इथे नाही, शिफारसपत्र नाही, मुलाखतही नाही. केंद्रीभूत प्रवेशात, म्हणजे कॅपमध्ये, चालतात ते सीईटीचे गुण, तुमचा प्रवर्ग आणि तुम्ही भरलेला पसंतीक्रम. म्हणून दमदार अर्ज म्हणजे पडताळणीत कुठेही न अडकणारा अर्ज.

आधी एक घोळ दूर करू. राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाकडे, म्हणजे सीईटी सेलकडे, दोनदा अर्ज करावा लागतो. एकदा परीक्षेसाठी आणि निकालानंतर पुन्हा कॅपसाठी. दोन्हींचं शुल्क वेगळं. परीक्षा दिली म्हणजे नाव आपोआप गुणवत्ता यादीत जाईल, असं समजून गप्प बसलेले उमेदवार दरवर्षी भेटतात. परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नका. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची राष्ट्रीय विधी विद्यापीठं या प्रक्रियेत येत नाहीत, त्यांचा बारावीनंतरचा पाच वर्षांचा प्रवेश क्लॅट या देशपातळीवरच्या परीक्षेवर होतो. गोव्यातल्या कॉलेजांची वाटही निराळी.

पात्रता सोपी आहे. कुठल्याही शाखेची पदवी आणि त्यात खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के, इतर मागास व भटक्या-विमुक्तांना ४२, अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के. ४४.८ असतील तर ४४.८च लिहा, ४५ करून पाहू नका. ग्रेड असतील तर टक्केवारी स्वतः काढण्यापेक्षा विद्यापीठाकडून रूपांतराचा दाखला घ्या. मुक्त विद्यापीठाची पदवी चालते, पण त्याआधी दहावी-बारावी झालेली हवी. बारावी न करता मुक्त विद्यापीठाच्या पूर्वतयारी अभ्यासक्रमाच्या वाटेने पदवी घेतलेल्यांना बार कौन्सिल ऑफ इंडियाचे, म्हणजे विधी शिक्षण आणि वकिलीचे नियम ठरवणाऱ्या संस्थेचे, २००८चे नियम आडवे येतात. हे पैसे भरण्याआधी तपासा.

आता कागद. खरी लढाई इथेच असते.

गेल्या हंगामात एक मुलगी आली. गुण उत्तम, अर्ज मात्र दुरुस्तीसाठी परत आलेला. दहावीच्या गुणपत्रिकेवर माहेरचं नाव, पदवीवर सासरचं, आधारवर सासरचं आडनाव पण मधे वडिलांचं नाव. तिन्ही ठिकाणी बाई तीच, संगणकाला मात्र तिघी दिसत होत्या. विवाह नोंदणीचा दाखला आणि नावबदलाचं राजपत्र जोडलं तेव्हा गाडी पुढे सरकली. शिवाय तिने गुणपत्रिकेचा फोटो मोबाइलवर, पलंगावर ठेवून काढला होता. चादरीवरची फुलं स्पष्ट दिसत होती, विद्यापीठाचा शिक्का नव्हता. दहा रुपये देऊन नीट स्कॅन करून घ्या.

दहावी, बारावी आणि पदवीच्या सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका, शाळा-कॉलेज सोडल्याचा दाखला आणि महाराष्ट्रातल्या उमेदवाराला अधिवास प्रमाणपत्र, एवढं प्रत्येकाला लागतं. मधे वर्षं गेली असतील तर खंडाचं प्रतिज्ञापत्र. त्यात "घरगुती कारणाने" असं मोघम लिहिण्यापेक्षा काय करत होता ते लिहा. दुकान सांभाळलं असेल तर दुकान सांभाळलं, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आरक्षणातून अर्ज करणाऱ्यांनी जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र यांत गल्लत करू नये. दाखला प्रांताधिकारी देतात, वैधता पडताळणी समिती देते आणि तिला वेळ लागतो. आजोबांचा शाळेतला निर्गम उतारा शोधण्यातच महिना जातो, म्हणून हे काम निकालाची वाट न बघता सुरू करावं. नॉन-क्रिमिलेअरची मुदत ३१ मार्चला संपते. घरात फाइलला लावलेला जुना दाखला बघून निर्धास्त राहू नका, त्यावरचं वर्ष वाचा.

आणि आता ज्या गोष्टी लोक हळू आवाजात विचारतात त्या. "माझ्यावर एक केस आहे, लिहू का?" लिहा. बार कौन्सिलने सप्टेंबर २०२४मध्ये काढलेल्या परिपत्रकानुसार विधी विद्यार्थ्याने गुन्हा नोंद असेल, खटला चालू असेल, शिक्षा किंवा सुटका झाली असेल, तरी ते जाहीर करायचं असतं. गावातल्या भांडणात नाव गोवलेला एक मुलगा हे लपवायला निघाला होता. मी त्याला एफआयआरची प्रत आणि पुढच्या तारखेचा कागद फाइलला लावायला सांगितलं. नुसती केस असणं आणि शिक्षा होणं यांत फरक आहे. अधिवक्ता अधिनियम, १९६१च्या कलम २४-अ नुसार सनदेला, म्हणजे वकिलीच्या परवान्याला, अडथळा येतो तो नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात दोषी ठरल्यावर, आणि तोही सुटकेनंतर दोन वर्षांनी उठतो. लपवलेली केस मात्र सनदेच्या अर्जाच्या वेळी पोलिसांकडून बाहेर आली तर आधीच्या सगळ्या कागदांवरची सही खोटी ठरते.

नोकरीचंही तसंच. पगारी नोकरी असेल तर ती जाहीर करा आणि मालकाचं ना-हरकत पत्र घ्या. हजेरी ७० टक्के लागते आणि संध्याकाळी सातनंतरचे वर्ग नियमात बसत नाहीत, तेव्हा "कॉलेज सांभाळून घेईल" असं सांगणाऱ्याचं ऐकू नका. एलएलबीबरोबर दुसरी नियमित पदवी करता येत नाही. दूरशिक्षणाचा अभ्यासक्रम चालतो.

पसंतीक्रम भरताना मुंबईचं १८५५चं शासकीय विधी महाविद्यालय आणि पुण्याचं आयएलएस वर टाकायला हरकत नाही, पण एका तुकडीत साठच जागा असतात हे ध्यानात ठेवून खाली जवळची, रोज जाता येतील अशी कॉलेजं लिहा. जिथे पाऊल ठेवणार नाही ते नाव यादीत नको.

जागा मिळाली की मूळ कागद घेऊन कॉलेजात ठरलेल्या दिवसाच्या आत हजर व्हायचं. जाताना प्रत्येक कागदाच्या तीन झेरॉक्स न्या आणि मूळ दाखला जमा करण्याआधी त्याचीही एक प्रत घरी ठेवा. सनदेच्या वेळी पुन्हा तेच कागद लागतात.