‘डीझेड’ ही दोन अक्षरं

जुनी गाडी घेताना आपण आरसी बुकात चॅसी नंबर आणि इंजिन नंबर, दोन्ही ताडून बघतो. अमेरिकेत मालकीच्या कागदावर सहसा गाडीचा एकच नंबर असतो, आपल्या चॅसी नंबरासारखा; इंजिनाचा नाही. तिथल्या जुन्या मसल कारच्या ‘मॅचिंग नंबर्स’वरून, म्हणजे आतलं इंजिन त्याच गाडीचं मूळचं आहे का यावरून, जी भांडणं होतात, त्यांचं मूळ बरंचसं इथंच आहे.

1964 साली पॉन्टियाकने मध्यम आकाराच्या टेम्पेस्टमध्ये 389 घनइंचांचं, आठ सिलिंडरचं ‘व्ही-8’ इंजिन बसवून जीटीओ आणली. अशा गाडीत 330 घनइंचांच्या वर जायचं नाही, हा पॉन्टियाकची मालक असलेल्या जनरल मोटर्सचा घरचाच नियम. म्हणून ती नवं मॉडेल न म्हणता ‘ऑप्शन’ म्हणून विकली. पळवाट होती, पण मसल कारचा पायंडा पडला: अंग साध्या गाडीचं, इंजिन दांडगं.

कागदावर इंजिनाचा नंबर नसणं जनरल मोटर्सच्याच 1969 च्या शेव्हरोले कॅमॅरो झेड/28 मध्ये पुरतं अंगाशी येतं. ट्रान्स-ॲम शर्यतीच्या पाच लिटरच्या मर्यादेत बसणारं तिचं 302 घनइंचांचं इंजिन, कागदोपत्री 290 अश्वशक्तीचं. गाडीच्या नंबरातून मात्र एवढंच कळतं, की आत व्ही-8 आहे. पुरावा शोधायचा तो ब्लॉकवर, म्हणजे इंजिनाच्या ओतीव सांगाड्यावर. उजव्या सिलिंडर हेडच्या पुढ्यात, अल्टरनेटरच्या आड, एक छोटी सपाट पट्टी असते. तिच्यावर ‘व्ही0315डीझेड’ ठोकलेलं असेल, तर व्ही म्हणजे फ्लिंटचा कारखाना, मग 15 मार्च, आणि डीझेड म्हणजे झेड/28 चं 302. ब्लॉकच्या मागे ओतकामातच उठलेला 3970010 हा क्रमांक दिसला म्हणून हुरळू नये. तोच ओतीव ब्लॉक 350 घनइंचांच्या साध्या इंजिनांनाही वापरला. तिथली तारीख जास्त कामाची. ‘सी 10 9’ म्हणजे 10 मार्च 1969; सी म्हणजे तिसरा महिना. आधी ओतकाम, मग इंजिनाची जुळणी, मग गाडी. हा क्रम उलटा दिसला, की गडबड आहे.

1968 च्या मॉडेलपासून गाडीच्या नंबराचा काही भाग इंजिनावर आणि गिअरबॉक्सवरही येऊ लागला, तो चोरीला आळा बसावा म्हणून. पन्नास वर्षांनी कोणी भिंग घेऊन बघेल, हे तेव्हा कोणाच्या गावी नव्हतं. गाड्या वेगात पळवल्या गेल्या, इंजिनं फुटली, वॉरंटीत ‘सीई’ शिक्क्याचे बदली ब्लॉक आले. 1973 च्या तेलटंचाईनंतर तर या खादाड गाड्यांना कोण विचारतो! इंजिन बांधताना ब्लॉकच्या माथ्यावर फेसिंग मारलं, म्हणजे तो यंत्रावर तासून सपाट केला, की ती पट्टीही घासली जायची आणि अक्षरं साफ. त्यात मेकॅनिकची काय चूक? त्याने काम चोखच केलं होतं.

भाव चढल्यावर पुसलेली अक्षरं पुन्हा ठोकणारे आले. म्हणून जाणकार आधी अक्षरं वाचत नाहीत, त्यांच्याखालच्या रेघा बघतात. कारखान्यातल्या ब्रोचिंगच्या, म्हणजे दातेरी हत्याराने तासल्याच्या, बारीक सरळ रेघा क्रँकच्या दिशेने धावतात. नव्याने घासलेल्या पट्टीवर त्या तशा उमटत नाहीत.

कागद असले तर निम्मा वाद मिटतो. फोर्डच्या 1967 पासूनच्या नोंदींवरून केव्हिन मार्टी अहवाल काढून देतात, पॉन्टियाकच्याही नोंदी मिळतात. शेव्हरोलेच्या अमेरिकेतल्या गाड्यांच्या अशा नोंदी नाहीत. जनरल मोटर्सच्या कॅनडा शाखेने मात्र तिकडे विकलेल्यांच्या जपल्या. म्हणजे ओहायोतल्या नॉरवूडच्या कारखान्यातून एकाच दिवशी निघालेल्या दोन झेड/28 पैकी सीमेपलीकडे गेलेलीचा जन्मदाखला मागवता येतो. घरी राहिलेलीचा अल्टरनेटर सोडवून आत बॅटरी मारावी लागते.